कम्युनिटी हेल्थमध्ये एम.एस्सी. नर्सिंग: सिंधुदुर्गातली दोन वर्षं, अर्जापासून व्हायव्हापर्यंत

एम.एस्सी. नर्सिंग म्हटलं की मुली घाबरतात ती स्टॅटिस्टिक्सला. प्रत्यक्षात माणूस मागे पडतो तो वेगळ्याच गोष्टींनी. परवानगीचं पत्र कुठल्यातरी टेबलावर पडून राहतं, लॉगबुकात सही राहून जाते, नाहीतर डेटा कलेक्शन नेमकं पावसाळ्यात येतं. कोकणात तर अभ्यासक्रमाचं वेळापत्रक एकीकडे आणि गावाचं दुसरीकडे. लावणी, चतुर्थी, कापणी, शिमगा, आंबा-काजू हे सगळं आधी कॅलेंडरवर मांडा आणि उरलेल्या जागेत पोस्टिंग आणि प्रबंध बसवा. हे पहिल्या महिन्यात केलं तर बरंच सोपं जातं.

पुढचं सगळं कम्युनिटी हेल्थ नर्सिंगबद्दल आहे. मेडिकल सर्जिकल, ओबीजी (प्रसूती-स्त्रीरोग), पेडियाट्रिक किंवा सायकियाट्रिक घेतलेल्यांना थिअरीचा आणि प्रबंधाचा भाग लागू पडेल, फील्डचा फारसा नाही. आमची बॅच डिसेंबर २०२२ ते जानेवारी २०२५ची. नियम बदलत असतात, तेव्हा तुमच्या वर्षाचं माहितीपत्रकच प्रमाण माना.

अर्जाच्या आधीचे महिने

इंडियन नर्सिंग कौन्सिलची अट सरळ आहे. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगला किमान ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५०), आरएन-आरएम (नर्स आणि मिडवाइफ) नोंदणी, आणि एक वर्षाचा अनुभव. बी.एस्सी.वाल्यांचा अनुभव पदवीनंतरचाच धरतात, पोस्ट बेसिकवाल्यांचा आधीचाही चालतो.

वाद होतो तो अनुभवाच्या दाखल्यावर. ‘आमच्याकडे काम केले आहे, वर्तणूक चांगली’ एवढ्यावर भागत नाही. लेटरहेड, जावक क्रमांक, पद, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि सही करणाऱ्याचं नाव व हुद्दा एवढं हवंच. नोकरी सोडतानाच हा दाखला घेऊन ठेवा. छोट्या खासगी हॉस्पिटलांत मेट्रन बदलली की जुनी मस्टर शोधायला कोणी तयार नसतं.

आपल्याकडच्या बऱ्याच जणी शिकून गोव्यात नोकरीला जातात. नोंदणी गोवा कौन्सिलची असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करायला तिकडची एनओसी आणि पडताळणी लागते. हे पत्र एका कौन्सिलकडून दुसऱ्या कौन्सिलकडे जातं, तुमच्या हातात येत नाही, त्यामुळे घाई करायला तुम्हाला वावच नसतो. प्रवेशाची जाहिरात यायच्या आधीच हे सुरू करा. पदवी बाहेरच्या विद्यापीठाची असेल तर मायग्रेशन प्रमाणपत्रही लागेल, कारण महाराष्ट्रातली नर्सिंगची बहुतेक कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात आणि तिथे पात्रता प्रमाणपत्र काढावं लागतं. नोंदणीचं नूतनीकरण मधल्या काळात संपत असेल तर तेही आधीच उरकून घ्या. सरकारी सेवेतल्यांनी ना-हरकत आणि अध्ययन रजा यांचा अर्ज एकदमच टाकावा.

फीबद्दल ऐकीव आकड्यांवर विश्वास ठेवू नका. खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि ती त्यांच्या साइटवर कॉलेजच्या नावाने बघता येते. हॉस्टेल, मेस, गणवेश, विद्यापीठाचं परीक्षा शुल्क आणि शैक्षणिक सहलीचा खर्च त्याच्या वर. स्टायपेंड आहे की नाही हे तोंडी न विचारता लेखी विचारा. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला चालू आर्थिक वर्षाचाच लागतो. शिवाय २०२४-२५पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शिक्षण शुल्क माफी आहे. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो, संस्थास्तरावरची सीट घेतली की ती सवलत हातची जाते. सीट पक्की करण्याआधी शिष्यवृत्तीच्या टेबलावर एवढं विचाराच.

पहिलं वर्ष: वर्गातलं

आठवड्याला ४० तास, वर्षात ४३ आठवडे. पहिल्या वर्षी ६०० तास थिअरी आणि ११०० तास प्रॅक्टिकल, दुसऱ्या वर्षी ३०० आणि १४००. त्यातलं स्पेशालिटीचं फील्डवर्क पहिल्या वर्षी ६५० आणि दुसऱ्या वर्षी ९५० तास. थिअरीला ८० टक्के हजेरी चालते, पण पदवी हातात पडण्याआधी प्रॅक्टिकलचे १०० टक्के तास भरलेले लागतात. म्हणजे तापाने झोपलात तरी तो दिवस नंतर भरून द्यायचा. सुट्ट्यांचं गणित या एका नियमावर ठरतं.

विषय चार: नर्सिंग एज्युकेशन, ॲडव्हान्स नर्सिंग प्रॅक्टिस, रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स, आणि स्पेशालिटी. एज्युकेशनमध्ये मायक्रोटीचिंगचं सत्र ३६ मिनिटांचं असतं. सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं ऐकून घ्या, बारा मिनिटांत पाठ नव्याने बांधा, परत सहा मिनिटं शिकवा, परत सहा मिनिटं ऐका. वाचताना पोरखेळ वाटतो, पण सहा मिनिटांत एकच कौशल्य दाखवायचं म्हणजे घाम फुटतो. स्टॅटिस्टिक्सचा बाऊ नको. रिसर्चच्या ७५ मार्कांच्या पेपरात त्याचा वाटा २५चा, आणि मीन, एसडी, टी टेस्ट, काय-स्क्वेअर, कोरिलेशन ही पाच गणितं हाताने सोडवता आली की जीव भांड्यात पडतो.

थिअरीज मात्र फील्डवर जाईपर्यंत डोक्यावरून जातात. ओरेमचा सेल्फ-केअर सिद्धांत (माणूस स्वतःची काळजी जेवढी घेऊ शकत नाही तेवढीच नर्सने भरून काढायची) मला पटला तो वाडीवरच्या एकट्या राहणाऱ्या आजींच्या केअर प्लॅनमध्ये. मधुमेह, तळपायाला भेग, घरात दुसरं कोणी नाही. ड्रेसिंग आपण करतो तेव्हा ती पूर्णपणे आपल्यावर अवलंबून असते. पुढच्या भेटीत ती पाय धुऊन पुसून ठेवते आणि पट्टी आपण बांधतो. त्यानंतर आपण फक्त बघतो आणि सांगतो. पुस्तकातल्या तिन्ही व्यवस्था एकाच ओसरीवर दिसतात. केअर प्लॅन लिहायला असंच कुटुंब निवडा, जिथे भेटीगणिक काहीतरी बदलतं. सगळे निरोगी असलेलं कुटुंब घेतलं की शेवटच्या पानांवर लिहायला काही उरत नाही.

परवानगीचं पत्र कुणाच्या नावाने

इथे सगळे गोंधळतात. प्राथमिक आरोग्य केंद्र (पीएचसी) आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे पत्र जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. अंगणवाडीसाठी महिला व बालविकास विभाग, शाळेसाठी शिक्षणाधिकारी. एकाच पत्रात चौघांना घातलं की ते कुणाचंच होत नाही. प्रत्येकाला वेगळं पत्र द्या, खाली तालुका आरोग्य अधिकारी आणि वैद्यकीय अधिकारी यांना प्रत, सोबत विद्यार्थ्यांची यादी आणि तारखा. आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मंजुरी आली की तिच्या झेरॉक्स बॅगेतच ठेवा, कारण उपकेंद्रातल्या सिस्टरना वरून काही कळवलेलं असेलच असं नाही.

आमचं पहिलं पोस्टिंग मार्च २०२३मध्ये. १४ मार्चला जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, २० तारखेला मिटला. संपाच्या दिवसांत केंद्रात सही करायलाच कोणी नसतं, म्हणून अशा वेळी पर्यायी फील्ड, शाळा किंवा अंगणवाडी, आधीच मंजूर करून ठेवलेली बरी. त्याच आठवड्यात, १७ मार्चपासून, एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. दोन वर्षांच्या खर्चात याचा मोठा आधार झाला. आतल्या गावाला जायचं तर वस्तीच्या गाडीची वेळ कंडक्टरलाच विचारा. संध्याकाळची गाडी चुकली तर उपकेंद्रात मुक्काम.

फील्डवरचं काम

एम.एस्सी.ला तुम्ही करून दाखवायचं, आणि का ते सांगायचं. बी.एस्सी.च्या मुली सोबत असतात, त्यामुळे हात साफ असावा लागतो.

ब्लड प्रेशर ही सगळ्यात साधी गोष्ट आणि सगळ्यात जास्त चुकणारी. नियम सगळ्यांना पाठ आहेत: पाच मिनिटं शांत बसणं, पाठीला टेकू, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, कफमधल्या फुग्याने दंडाचा ८० टक्के घेर झाकलेला, एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोन रीडिंग. आता कोकणातलं घर बघा. आजी मांडी घालून पडवीत बसलेली, नुकतीच मशेरी लावून झालेली, आणि तुम्ही पोचताच सुनेने चहा टाकलेला. चहा, तंबाखू, मशेरी यानंतर अर्धा तास थांबायचं असतं. म्हणून आधी मशेरीचं विचारा, चहाला ‘रीडिंग झाल्यावर घेतो’ म्हणा, आणि टेकू असलेली खुर्ची मागून घ्या. थांबण्याच्या वेळात कुटुंबाची माहिती भरून होते. घाटी चढून आल्याआल्या स्टेथो कानाला लावू नका, आपलेच ठोके ऐकू येतात.

लसीकरणाच्या दिवशी परीक्षक हमखास विचारतात ते ओपन व्हायल पॉलिसीचं, म्हणजे लसीची उघडलेली कुपी किती वेळ चालते त्याचं. पेंटाव्हॅलंट, टीडी, ओपीव्ही, आयपीव्ही अशा लसींची उघडलेली व्हायल अटी पाळल्या असतील तर २८ दिवसांपर्यंत वापरता येते. बीसीजी आणि एमआर (गोवर-रुबेला) मिसळल्यापासून चार तासांत टाकायच्या. म्हणून व्हायलवर तारीख आणि वेळ दोन्ही लिहिलेली बघा. आईसपॅक फ्रीझरमधून काढून लगेच कॅरियरमध्ये भरले तर पेंटाव्हॅलंट गोठते आणि वाया जाते. पॅक बाहेर ठेवा, कानाशी हलवून आत पाणी वाजलं की मगच भरा.

विहीर शुद्धीकरण हा प्रॅक्टिकलचा आवडता प्रश्न, आणि आपल्याकडे तो खराखुरा उपयोगाचा. दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजा. गोल विहीर असेल तर व्यासाचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले ३.१४, भागिले ४, आणि हजाराने गुणलं की लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी म्हणजे २८,२६० लिटर. चौकोनी विहिरीला लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली. हजार लिटरला चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर अडीच ग्रॅम, म्हणजे या विहिरीला सुमारे ७० ग्रॅम. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून आधी पेस्ट करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि पाच-दहा मिनिटं निवळू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या. खाली बसलेला चुना विहिरीत ओतायचा नाही, पाण्याचा कठीणपणा वाढतो. निवळीची बादली विहिरीत सोडून वर-खाली, आडवी हलवायची, म्हणजे सगळीकडे मिसळते. तास उलटला की ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. शिल्लक क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅम हवा.

हे सगळं करूनही क्लोरीन येत नाही तेव्हा बहुधा पावडर मेलेली असते. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो, पण पावसाळी दमट हवेत पिशवी उघडी राहिली की तो उडून जातो. अशा वेळी किती पावडर लागेल ते काढायलाच हॉरॉक्सचं उपकरण. काळ्या कपात दोन ग्रॅम पावडरीचं द्रावण, सहा पांढऱ्या कपांत विहिरीचं पाणी, त्यांत अनुक्रमे एक, दोन, तीन असे थेंब, अर्ध्या तासाने स्टार्च-आयोडाइड. पहिला निळा झालेला कप तिसरा असेल तर ४५५ लिटरला सहा ग्रॅम. उलटही होतं: पाण्यात लोह किंवा नायट्राइट असेल तर क्लोरीन नसतानाही ओटी पिवळी पडते. टाकण्याआधीच्या पाण्याची एक टेस्ट घेऊन ठेवली की हा घोळ होत नाही.

पाऊस

जूनपासून ऑगस्टपर्यंत घरोघरी भेटींचा भरवसा धरू नका. सकाळी माणसं शेतात, संध्याकाळी दमलेली, आणि साकवावरून पाणी गेलं की पलीकडची वाडी तुटते. सतत भिजून, ओल्या गणवेशात हॉस्टेलला परतताना ‘कशाला घेतलं हे’ असं वाटतं. ते सगळ्यांनाच वाटतं. हे महिने पीएचसीतल्या कामाला द्या: ओपीडी, एएनसी (गरोदर बायांच्या तपासणीचं) क्लिनिक, स्टोअर, रजिस्टरं.

साथरोगाचा भाग मात्र याच दिवसांत जिवंत शिकता येतो. लेप्टोस्पायरोसिसचा संशयित रुग्ण आला की लाइन लिस्टमध्ये (रुग्णांच्या यादीत) नाव, वय, वाडी याबरोबर ताप सुरू झाल्याची तारीख आणि त्याआधीच्या दोन-चार आठवड्यांतलं काम हे रकाने हवेतच, कारण लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ५ ते १४ दिवस जातात, कधी महिनाही. स्पॉट मॅपवर सगळे विद्यार्थी घरं दाखवतात. माझ्या मते त्या नकाशाला अर्थ नाही. लागण होते चिखलणीच्या मळ्यात, तेव्हा नकाशावर मळा, ओहोळ आणि गोठा दाखवा. तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घेतलेल्या रक्तात आयजीएम (ताज्या लागणीची प्रतिपिंडं) निगेटिव्ह आलं म्हणून लेप्टो नाही असं धरायचं नाही, पाचव्या दिवसानंतर परत तपासणी लागते. जोखमीच्या काळात डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा देतात, पण गरोदर बाया आणि आठ वर्षांखालची मुलं यात नाहीत. आणि उपाशीपोटी घेतली की मळमळते, मग पुढच्या आठवड्याची गोळी कपाटातच राहते. पेज जेवून घ्या असं सांगितलं की काम होतं.

दोडामार्ग-सावंतवाडीकडे पोस्टिंग असेल तर डिसेंबर ते मे हा माकडतापाचा हंगाम. जंगलाकडेच्या वाडीवर जाताना पूर्ण बाह्या, आल्यावर गोचिडी बघणं, आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता केंद्राला कळवणं.

प्रबंधाचा आराखडा: चतुर्थीच्या आत

कौन्सिलच्या वेळापत्रकाप्रमाणे आराखडा पहिल्या वर्षाच्या नवव्या महिन्याअखेर द्यायचा. आमचा नववा महिना म्हणजे सप्टेंबर २०२३, आणि १९ सप्टेंबरला चतुर्थी. त्या पंधरवड्यात जिल्ह्यात एकही फाईल हलत नाही, गाइडसुद्धा गावी. म्हणून सगळं ऑगस्टअखेर उरकायचं, असंच ठरवून टाका.

विषय निवडताना आधी माणसं मोजा, मग शीर्षक ठरवा. ‘तरुण पुरुषांमधील तंबाखू सेवन’ छान वाटतं, पण वाडीवर तरुण पुरुष असतात किती? निम्मे मुंबईत आणि गोव्यात. ज्येष्ठ माणसं, गरोदर बाया, काजू फॅक्टरीतल्या बाया, अंगणवाडी सेविका हे गट इथे भेटतात. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे ज्येष्ठ घेतले तर नावं उपकेंद्राच्या एनसीडी (असंसर्गजन्य आजारांच्या) रजिस्टरात मिळतात. ‘गेले सहा महिने गावात राहणारे’ ही अट घाला, नाहीतर मे महिन्यात आलेली माणसं यादीत शिरतात.

सॅम्पल साइझ, म्हणजे अभ्यासात किती माणसं घ्यायची: प्रमाण ५० टक्के धरलं आणि पाच टक्के चूक चालवली तर ३८४ येतात. एकट्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत हे झेपत नाही. दहा टक्के चूक घेतली तर ९६. कुलूपबंद घरं धरून वीस टक्के जादा माणसं गाठावी लागतात, म्हणजे ११६. हा आकडा कुठून आला हे व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) विचारतातच, तेव्हा हिशोब प्रबंधात लिहून ठेवा.

तयार प्रश्नावली वापरायची तर मूळ लेखकाची परवानगी ईमेलवर मागा, आणि लवकर मागा. औषध नियमित घेण्याविषयीच्या काही नावाजलेल्या स्केलना पैसे भरून परवाना लागतो. स्वतः तयार केली तर तज्ज्ञांकडून व्हॅलिडिटी (प्रश्न हवं तेच मोजतात का), मराठी भाषांतर आणि उलट भाषांतर, रिलायबिलिटी (परत विचारलं तरी तेच उत्तर येतं का), मग साधारण दहा टक्के नमुन्यावर पायलट, म्हणजे छोटी चाचणी. ‘नेहमी, बहुधा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही’ अशी पाच पायऱ्यांची उत्तरं वाडीवर टिकत नाहीत. ‘घेतंय गो, इसारतंय कधी’ एवढंच उत्तर येतं. तीन पायऱ्या पुरतात.

एथिक्स कमिटीची बैठक रोज नसते, हुकली की पुढच्या तारखेपर्यंत बसून राहायचं. सोबत मराठीतलं माहितीपत्रक आणि संमतीपत्र द्यावं लागतं. सही न येणाऱ्यांचा अंगठा घेताना तटस्थ साक्षीदाराची सही लागते, आणि तो साक्षीदार तुमची मैत्रीण असून चालत नाही. अभ्यासात काही उपचार, व्यायाम किंवा शिकवणी देऊन फरक मोजणार असाल तर पहिला माणूस घेण्याआधी सीटीआरआय या क्लिनिकल ट्रायल्सच्या भारतीय नोंदवहीत नोंदणी करा. एप्रिल २०१८पासून नंतरची नोंदणी स्वीकारत नाहीत. नोंदणी मोफत आहे, पण शंका काढून परत पाठवतात, त्यात आठवडे जातात.

डिसेंबर-जानेवारीत पहिल्या वर्षाची परीक्षा. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत वेगवेगळे ५० टक्के हवेत. राहिलेला विषय दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी सुटलाच पाहिजे.

दुसरं वर्ष

जानेवारी ते मे हा माहिती गोळा करायचा खरा हंगाम. कापणी झालेली असते, रस्ते कोरडे, माणसं जत्रेच्या निमित्ताने घरात. पण २०२४मध्ये १२ जानेवारीला आशाताईंचा संप सुरू झाला आणि मार्च उजाडल्यावर मिटला. कोणत्या घरात बीपीचा पेशंट आहे, कोण मुंबईला गेलंय, हे आशाताईच सांगू शकतात. त्या नसताना रजिस्टरातल्या पत्त्यावर जायचं तर एका वाडीत एकाच आडनावाची वीस घरं. १६ मार्चला आचारसंहिता, ७ मेला मतदान, त्यात आरोग्य कर्मचारी आणि शिक्षकांना निवडणूक ड्युटी. मेमध्ये घरोघरी चाकरमानी आणि आंब्याच्या पेट्या. या सगळ्यातून वाट निघते ती अशी: मार्च-एप्रिलमध्ये दुपारी बारा ते साडेतीन घरी माणूस भेटतो, सकाळी काजू वेचायला गेलेला असतो. एका दिवशी एकच वाडी घ्या. प्रत्येक फॉर्मवर नाव नको, कोड नंबर, आणि नाव-कोडची यादी वेगळ्या वहीत कुलपात. त्याच संध्याकाळी एक्सेलमध्ये भरा, रिकामा रकाना लगेच दिसतो आणि वाडी अजून हाताशी असते.

विश्लेषणाला जमोव्ही हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं, संदर्भांना झोटेरो. स्टॅटिस्टिशियनकडे दिलं तर आमच्याकडे तीन ते सहा हजार घेतात. द्या हवं तर, पण प्रत्येक टेबल स्वतः समजून घ्या. हटकून अडचण येते काय-स्क्वेअरमध्ये, म्हणजे दोन गोष्टींचा संबंध आहे का ते बघणाऱ्या टेस्टमध्ये. छोट्या सॅम्पलचे शिक्षण, उत्पन्न, व्यवसाय असे पाच-सहा तुकडे केले की खान्यातली अपेक्षित संख्या पाचाच्या खाली जाते आणि निष्कर्ष लंगडा पडतो. गट एकत्र करा किंवा छोट्या आकड्यांसाठीची फिशर टेस्ट वापरा, आणि का केलं ते लिहा.

मॅनेजमेंटचा विषय याच वर्षी: ड्युटी रोस्टर, इन्व्हेंटरी, बजेट. पीएचसीच्या पातळीवर तो कंटाळवाणा नाही, कारण औषध संपल्यावर इंडेंट (मागणीपत्र) कुठे अडतं ते समोर दिसतं. याच काळात बी.एस्सी.च्या मुलींचं फील्ड तुम्ही बघता, आणि त्यांच्या वह्या तपासण्यात तुमचं लॉगबुक मागे राहतं. सही त्या त्या दिवशी, जागेवर घ्या. वैद्यकीय अधिकारी बदलून गेले की जुन्या तारखेची सही नवे अधिकारी करत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

प्रबंध दुसऱ्या वर्षाच्या नवव्या महिन्याअखेर. २०२४ची चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, म्हणजे बाइंडिंगवाल्याकडे ऑगस्टमध्येच. हार्डबाउंड प्रत पानांप्रमाणे तीनशे ते पाचशे रुपये, आणि कॉलेज, विद्यापीठ, गाइड, स्वतःसाठी मिळून चार-पाच प्रती होतात. त्याआधी साहित्यचोरीची तपासणी. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर चालतं, त्यावर गेलं की सुधारून परत. रिव्ह्यू ऑफ लिटरेचरमध्येच, म्हणजे आधीच्या अभ्यासांच्या आढाव्यात, ते वाढतं. वाचताना वाक्यं उतरवून न घेता मराठीत टिपण काढा, मग इंग्रजीत लिहा, म्हणजे वाक्य आपोआप तुमचं होतं.

व्हायव्हाला प्रबंधाचे १०० मार्क बाहेरच्या परीक्षकाकडे, १०० आतल्याकडे. रात्री झोप लागत नाही, पण प्रश्न साधेच असतात: हेच गाव का, हीच माणसं का, ज्यांनी नकार दिला त्यांचं काय केलं, मर्यादा काय. शेवटच्या प्रश्नाला ‘काही नाही’ म्हणणाऱ्याला जास्त वेळ बसवतात. कुलूपबंद घरं, संपाचे दिवस, स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं गोळ्या घेणं, हे सगळं मर्यादा म्हणून लिहा आणि तोंडीही सांगा.

निकालानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे वाढीव शैक्षणिक पात्रतेची नोंद करून घ्यायची. ती असेल तरच शिक्षकपदाचा अर्ज पुढे सरकतो. गुणपत्रिका आणि उत्तीर्ण प्रमाणपत्र मिळालं की लगेच कामाला लागा. कॉलेज सोडताना मूळ कागदपत्रं परत घेतल्याची सही करण्याआधी पाकीट उघडून एकेक कागद मोजून घ्या. बी.एस्सी.ची मूळ पदवी आणि कौन्सिलचं नोंदणीपत्र हे दोन आधी बघा. लॉगबुक कॉलेजकडे जमा होतं, म्हणून त्याची पूर्ण झेरॉक्स जमा करायच्या आदल्या दिवशीच काढून ठेवा.